चौतीस अंशांचं चॉकलेट

चॉकलेटच्या गोड पदार्थांचं परदेशी पुस्तक उघडलं की पानोपानी एक सूचना भेटते : बटर ‘रूम टेंपरेचर’ला आलेलं असावं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लंडनचं किंवा न्यूयॉर्कचं स्वयंपाकघर असतं आणि तिथली खोली असते साधारण २०-२१ अंश सेल्सियसची. मे महिन्यातल्या चेन्नईत, घर बेसंटनगरला असो की अण्णा नगरला, भर दुपारी स्वयंपाकघरातला पारा चौतिशीच्या खाली यायला तयार नसतो. फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलेली बटरची वडी मैदा चाळून होईपर्यंत कडेने पाझरू लागते. कृती पुस्तकातली, मापंही पुस्तकातलीच, तरी केक दडस होतो. मग खापर फुटतं ते ओव्हनच्या माथ्यावर.

सामानाची अडचण आता फारशी राहिलेली नाही. छोटा ओटीजी, डिजिटल काटा, कोको पावडर, डार्क चॉकलेट हे सगळं घरपोच मिळतं. अडतं ते पुस्तकाने गृहीत धरलेल्या हवेपाशी. १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नव्याने संसाराला लागलेल्या मुलींची सोय झाली. तमिळ घरांत हेच काम १९५१ सालच्या ‘समैत्तु पार’ने केलं. मीनाक्षी अम्माळ यांचं हे पुस्तक आजही लग्न झालेल्या मुलीच्या सामानात जातं. या दोन्ही पुस्तकांच्या लेखिका आणि त्यांच्या वाचक एकाच हवेत राहत होत्या. पीठ किती वेळात आंबतं, दही कधी लागतं, हे उलगडून सांगायची गरज नव्हती. चॉकलेटच्या पुस्तकाशी आपलं असं नातं नाही. म्हणून त्यातली कृती नुसती पाळून भागत नाही, ती तशी का आहे हे कळावं लागतं.

बटरचंच बघा. बटर आणि साखर फेसताना साखरेचे कण घट्टसर बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे कोरतात आणि ओव्हनमध्ये तेच फुगून केक हलका होतो. बटर वितळलेलं असेल, तर बुडबुडे धरून ठेवायला काही उरतच नाही. चेन्नईत त्यावर उपाय दोन. पहिला, बटरचे तुकडे करून पाच-सात मिनिटांतच कामाला लागायचं; बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोटाला चकाकी येऊ नये. दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा : मुळात वितळलेलं बटर किंवा तेल मागणारी कृती निवडायची. ब्राउनी, मड केक, तेलावरचा चॉकलेट केक हे प्रकार उन्हाळ्याला भीक घालत नाहीत.

कोको बटरचा हट्ट

चॉकलेटमधली चरबी म्हणजे कोको बटर. ते गोठताना सहा निरनिराळ्या प्रकारांनी स्फटिक बांधू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो, कारण चकाकी, तुकडा मोडतानाचा ‘टक्’ आवाज आणि जिभेवर विरघळणं हे सगळं त्याचंच देणं. हा प्रकार सुमारे ३४ अंशांना वितळतो, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरा अलीकडे. तोंडात पाणी होणारं चॉकलेट चेन्नईच्या ओट्यावरही मऊ पडतं, त्याचं कारण हेच.

हे स्फटिक मुद्दाम घडवण्याच्या क्रियेला टेंपरिंग म्हणतात. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत सुमारे २७ अंशांवर आणायचं आणि पुन्हा हलकेच ३१-३२ अंशांपर्यंत चढवायचं. आता खोलीच ३४ अंशांवर असेल, तर चॉकलेट २७ला उतरणार कसं? म्हणून चेन्नईतल्या हौशी मंडळींचा चॉकलेटचा कारखाना स्वयंपाकघरात नसतो, तो एसी लावलेल्या झोपण्याच्या खोलीत असतो. एसी विशीच्या आसपास, टेबलावर बटर पेपर, हाताशी थर्मामीटर. सुरीच्या टोकाला थोडं चॉकलेट लावून ठेवायचं. तीन-चार मिनिटांत ते डाग न पडता, चकाकत आवळलं तर जमलं. मऊच राहिलं किंवा पांढुरक्या रेघा उमटल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

पांढरा थर दिसला की लोक बुरशी समजून चॉकलेट फेकून देतात. बहुतेक वेळा ती बुरशी नसतेच. थर तुळतुळीत असेल आणि बोटाने पुसला जात असेल, तर कोको बटर वितळून वर आलेलं असतं. खरखरीत असेल तर तो दमटपणाचा प्रताप. थंड चॉकलेट फ्रिजमधून उघडंच बाहेर काढलं की समुद्रावरच्या हवेतलं बाष्प त्यावर जमतं, साखर त्यात विरघळते आणि पाणी उडाल्यावर खडे मागे राहतात. चॉकलेट हवाबंद डब्यात ठेवावं आणि डबा बाहेर काढल्यावर बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत उघडू नये. थर आलेलं चॉकलेटही ब्राउनीत बेलाशक घालावं.

बेकऱ्या टेंपरिंगच्या भानगडीत पडत नाहीत. त्या कंपाउंड वापरतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, टेंपरिंग लागत नाही आणि उकाड्यातही नक्षी उभी राहते. पुण्याजवळ मंचरला तयार होणारं मोर्डेचं कंपाउंड महाराष्ट्रातल्या घरगुती केकवाल्यांच्या ओळखीचं आहे. कंपाउंडला नाकं मुरडायचं कारण नाही, पण त्याची जागा केकच्या वर. आतल्या गराला, मूसला, चॉकलेट-क्रीमच्या गनाशला खरं चॉकलेट हवं. पाकिटावरच्या घटकांत ‘कोको बटर’ दिसतंय की ‘व्हेजिटेबल फॅट’, एवढं वाचलं तरी निम्मं काम होतं.

कप, काटा आणि कोको

१८९६ साली फॅनी फार्मर यांचं ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ आलं आणि अमेरिकेत सपाट भरलेल्या कपाने मोजायची शिस्त रुजली. कप मात्र भरणाऱ्याच्या हातावर असतो. मैदा चमच्याने अलगद भरला तर कपात १२० ग्रॅम बसतो, कप पिठात खुपसला तर १४०च्याही वर जातो. चॉकलेट केकमध्ये कोको आधीच ओलावा शोषत असतो. त्यात मैदा असा वाढला की केक कोरडा ठणठणीत. तेव्हा कृती ग्रॅममध्ये असलेलं पुस्तक घ्यावं किंवा काटा वापरावा. अमेरिकन पुस्तकातली ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम बटर आणि ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस, हे आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावं. पुस्तकातलं बटर बहुधा बिनमिठाचं असतं. आपलं पिवळं, खारं बटर वापरायचं तर वरचं मीठ वगळावं. आपली साखरही जाड, ती मिक्सरमध्ये एकदा फिरवलेली बरी.

कोको पावडरचे प्रकार दोन. साधी पावडर आंबटसर असते आणि खाण्याच्या सोड्याशी तिचं जमतं. दुसरी अल्कलीने प्रक्रिया केलेली, डच पद्धतीची. ती रंगाने गडद, चवीला सौम्य आणि आंबटपणा गेलेली असल्यामुळे तिला बेकिंग पावडर लागते. ही प्रक्रिया एकोणिसाव्या शतकातल्या कोएनराड व्हॅन हाउटन या डच माणसाची. कृतीत नुसता सोडा असेल आणि आपण डच कोको घातला, तर केक पुरेसा फुगत नाही आणि साबणासारखी चव येते. पाकिटावर ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर’ लिहिलेलं असेल, तर कोको बहुधा प्रक्रिया केलेला समजावा. ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको नव्हे. त्यात साखरच जास्त.

या खात्यात चेन्नईकरांची एक चैन आहे. पुस्तकं चॉकलेटची चव उठावदार व्हावी म्हणून एस्प्रेसो पावडर मागतात. इथे प्रत्येक घरात सकाळीच पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन उतरलेलं असतं. उकळत्या पाण्याऐवजी तेवढंच गरम, पातळ केलेलं डिकॉक्शन कोकोवर ओतावं. चिकरीचा कडवट गोडवा डार्क चॉकलेटला शोभून दिसतो. ब्राउन शुगरच्या जागी नाट्टु सक्करै, म्हणजे गुळाची भुरी साखर, चालते. ती ओलसर असते, म्हणून आधी चाळून घ्यायची.

‘मुट्टै इल्लै दाने?’

मयिलापूरमध्ये शेजारच्या मामींपुढे केकची बशी धरली की पहिला प्रश्न हा : अंडं नाही ना? पुण्या-मुंबईतही हा प्रश्न नवा नाही. अंडं केकमध्ये तीन कामं करतं : बांधणं, फुगवणं, ओलावा देणं. ही कामं वाटून देता येतात. दही आणि सोडा फुगवतात, कंडेन्स्ड मिल्क ओलावा आणि घट्टपणा देतं. म्हणून बिनअंड्याचा चॉकलेट केक उत्तम होतो आणि ब्राउनीही जमते. पण जिथे सगळा डोलारा अंड्यावरच असतो, तिथे, म्हणजे सुफले किंवा बिनमैद्याच्या केकमध्ये, बदलाच्या फंदात पडू नये. कच्च्या अंड्याच्या मूसपासून तर चेन्नईच्या उन्हाळ्यात चार हात दूरच राहावं.

मूसवर एक देखणा तोडगा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्व्हे तिस यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की मूसला क्रीमही लागत नाही आणि अंडंही. ७० टक्के कोकोचं २०० ग्रॅम चॉकलेट १८० मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर वितळवायचं आणि भांडं बर्फात बसवून फेटायचं. आधी ते नुसतं काळं पाणी दिसतं. मग अचानक फटका जड लागतो, रंग उजळतो, व्हिस्कच्या मागे रेघा राहतात. तिथेच थांबायचं. जास्त फेटून ते रवाळ झालं तर पुन्हा वितळवून पुन्हा फेटावं, काही वाया जात नाही. कोको बटर थंड होताना हवा पकडतं, एवढंच त्याचं रहस्य. अर्थात इथे कंपाउंड चालत नाही. मामींनाही निश्चिंतपणे देता येईल असा हा पदार्थ आहे.

गनाशचंही गणित बदलावं लागतं. पुस्तकातलं क्रीम ३५ टक्क्यांच्या पुढचं, आपल्याकडच्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश सुमारे २५ टक्के. पाणी जास्त, त्यात उकाडा. समसमान मापाचं गनाश केकवरून ओघळून ताटलीत जमा होतं. केकवर थापायचं असेल तर दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम हे प्रमाण धरावं.

कोको इथलाच

कोकोचं झाड दक्षिण अमेरिकेतलं, पण तमिळनाडूशी त्याची ओळख जुनी. १७९८च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ते तिरुनेलवेलीकडच्या कुट्रालमला लावलं गेलं. शेती म्हणून मात्र ते दक्षिणेत रुजलं १९६०च्या दशकानंतर. आज पोल्लाचीकडे नारळाच्या सावलीत कोको पिकतो आणि त्याच भागातलं सोकलेट आपल्याच मळ्यातल्या बियांपासून चॉकलेट बनवतं. ऑरोव्हिलचं मेसन अँड कंपनी आणि खुद्द चेन्नईतलं कोकोट्रेट हीही याच वाटेवरची नावं. २०२४ साली जागतिक बाजारात कोको टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हापासून चांगलं चॉकलेट आणखी जपून वापरायची वस्तू झाली आहे. असं चॉकलेट खूप साखर-मैद्यात बुडवू नये. मूस किंवा गनाशसाठी राखून ठेवावं.

महिना बघून पान उघडा

मेच्या अग्निनक्षत्रात, म्हणजे ऐन उकाड्यात, गरमच खायचे पदार्थ करावेत. लाव्हा केकची एक रीत फ्रान्सच्या मिशेल ब्रास यांची, १९८१ सालची : गोठवलेला गनाशचा गोळा पिठात दडवून भाजायचा. गोळे फ्रीजरमध्ये तयार असले की चेन्नईचा उकाडा काही बिघडवू शकत नाही. ब्राउनी बाराही महिने करावी, फक्त कापण्याची घाई नको. या हवेत ती निवली तरी आतून पातळच राहते. तासभर फ्रिजमध्ये ठेवून, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापली की कडा धारदार येतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात मेरँग आणि मॅकरॉनची पानं मिटलेलीच बरी, दमट हवेत ते ओघळतात. डिसेंबर-जानेवारीत, मार्गळी या तमिळ महिन्याच्या पहाटे, चेन्नईचा पारा विशी-एकविशीला टेकतो. पुस्तकातली खोली ती हीच. फेसलेल्या बटरचे केक, टेंपर केलेलं चॉकलेट, नाताळचे थरांचे केक या दिवसांसाठी राखावेत. एवढं कळूनही कुणाला मे महिन्यात बटरक्रीमचे गुलाब काढायचेच असतील, तर त्याने कृतीतल्या घटकांखाली एसीचं बिलही लिहून ठेवावं.