जनरेटरला रिमोट: बटण एक, कामे अनेक

लाइट गेली की दुकानामागे किंवा दवाखान्याच्या बाजूला ठेवलेल्या जनरेटरकडे कुणीतरी धावते. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, चावी फिरवायची, इंजिनने धरले की चावी सोडायची, चोक आत ढकलायचा आणि मग लोड टाकायचा. हे सगळे एका बटणावर व्हावे म्हणून रिमोट बसवायची इच्छा होते, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र तिथे उभा असलेला माणूस जेवढी कामे करत होता, तेवढी सगळी आता वायरिंगने करायची असतात. बहुतेक गैरसमज हे न कळल्यामुळेच होतात.

गैरसमज: रिमोट कोणत्याही जनरेटरला बसतो.
वस्तुस्थिती: सेल्फ असेल तरच बसतो. दोरी ओढून सुरू होणाऱ्या सेटमध्ये स्टार्टर मोटर नसते आणि ती जिला फिरवते ती फ्लायव्हीलची दातेरी रिंगही सहसा नसते. हे सगळे नव्याने बसवण्यापेक्षा सेल्फचा सेट घेणे बहुधा परवडते. आपल्याकडे पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे सेटही बरेच विकले गेले. त्यांत इंजिन तापल्यावर कॉक रॉकेलकडे फिरवावा लागतो आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलकडे आणावा लागतो. साधा रिमोट हे करू शकत नाही.

गैरसमज: रिसीव्हरच्या दोन वायर चावीला जोडल्या की काम झाले.
वस्तुस्थिती: चावीमागे किमान दोन वेगळी सर्किट असतात. एक सेल्फचे, दुसरे इग्निशन बंद करणारे. छोट्या पेट्रोल इंजिनात सहसा मॅग्नेटो असतो, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. चावी ‘ऑफ’ केली की इग्निशन कॉइलची किल वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते. या वायरला चुकून १२ व्होल्ट दिले तर कॉइल जळू शकते. काही मॉडेलमध्ये कार्ब्युरेटरखाली पेट्रोल तोडणारा सोलेनॉइडही असतो. इंजिन चालू असेपर्यंत त्याला मात्र १२ व्होल्ट मिळत राहावे लागतात.

किल वायरचा रिले असा जोडावा की रिलेला वीज नसताना ती वायर बॉडीला टेकलेली राहील. मग रिसीव्हरची वायर तुटली तरी इंजिन आपोआप बंद पडते. उलटी जोडणी केली, तर वायर तुटल्यावर इंजिन रिमोटने थांबतच नाही.

गैरसमज: रिसीव्हरवरचा रिले सेल्फ मारायला पुरतो.
वस्तुस्थिती: अशा बोर्डावरचा रिले साधारण १० अँपिअरचा असतो. स्टार्टर मोटर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून छोट्या रिलेने फक्त सोलेनॉइडला, म्हणजेच स्टार्टर रिलेला इशारा द्यायचा. मोटरचा करंट बॅटरीपासून जाड केबलमधूनच जायला हवा. नव्या वायरिंगचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच बसवावा. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर इथे नको, कारण इंजिनाच्या थरथरीने ती काही काळाने आतून तुटते. बारीक तारांची लवचिक वायर घ्यावी.

गैरसमज: बटण दाबून ठेवले की इंजिन सुरू होतेच.
वस्तुस्थिती: सेल्फ एका वेळी सुमारे पाच सेकंदच मारावा आणि मध्ये मोटरला विश्रांती द्यावी, नाहीतर ती तापून जळते. इंजिनने धरल्यावर सेल्फ लगेच सुटला पाहिजे. समोर उभ्या माणसाला ते आवाजावरून कळते. कंट्रोलरला ते जनरेटरच्या आउटपुटच्या व्होल्टेजवरून ओळखावे लागते. थंड इंजिनाला चोकही लागतो, म्हणून रिमोटसोबत ऑटो चोक किंवा चोक ओढणारी छोटी मोटर हवी. ऑइल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारी यंत्रणा असेल तर तिला बायपास करू नये.

गैरसमज: बॅटरी आपोआप चार्ज राहते.
वस्तुस्थिती: जनरेटर चालू असेल तेव्हाच. रिसीव्हर मात्र सिग्नलची वाट पाहत चोवीस तास जागा असतो. तो २० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो. १४ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात रिकामी होते, आणि नेमकी लाइट गेल्यावर सेल्फ फिरत नाही. त्यासाठी छोटा फ्लोट चार्जर कायम जोडलेला असावा.

गैरसमज: रिमोट बसला की घर आपोआप जनरेटरवर जाते.
वस्तुस्थिती: रिमोट फक्त इंजिन सुरू करतो. लोड बदलण्यासाठी चेंजओव्हर स्विच किंवा ऑटोमॅटिक पॅनल लागते. दोन्ही टोकांना प्लग लावून जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये सोडणे जीवघेणे आहे. ती वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होऊ शकते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. शिवाय इंजिन सुरू होताना लोड जोडलेला नसावा.

गैरसमज: लांबून सुरू केला म्हणजे धोका कमी.
वस्तुस्थिती: लांबून आजूबाजूचे दिसत नाही. कुणी पेट्रोल भरत असेल, सेटवर ताडपत्री असेल किंवा शटर बंद असेल. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो काही मिनिटांत जीव घेतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सल्ल्यानुसार जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर ठेवावा आणि धुराचे तोंड खिडक्या-दारांकडे नसावे. दुरुस्तीच्या वेळी चावी ‘ऑफ’ करणे पुरेसे नाही. ठिणगी थांबली तरी रिमोटच्या सिग्नलवर सेल्फ फिरू शकतो आणि बोटे अडकू शकतात. बॅटरी तोडणारा स्विच सेटवरच, हाताशी असावा.

काम अनुभवी जनरेटर मेकॅनिककडून आणि घराची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पैसे देण्यापूर्वी एकदा समोर उभे राहून तपासा: रिसीव्हरची वीज काढल्यावर इंजिन बंद होते का, इंजिनने धरताच सेल्फ सुटतो का आणि बॅटरीचा स्विच पाडल्यावर रिमोट पूर्ण निकामी होतो का. यातल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर तो रिमोट वापरू नका.