दांड्याची पारख

पुण्याच्या मार्केट यार्डातले फुलांचे भाव वर्तमानपत्रात छापून येतात, तेव्हा एकाच यादीत दोन निराळ्या मापांची फुलं शेजारी बसलेली असतात. झेंडू, शेवंती, सुटा काकडा हे किलोवर. डच गुलाब 20 नगांच्या गड्डीवर, जर्बेरा, लिलियम आणि ग्लॅडिओ काड्यांवर. पहिल्या प्रकारातलं फूल देवाला, हाराला, तोरणाला जातं. खंडेनवमीला भोसरीच्या वर्कशॉपपासून चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत यंत्रांवर चढतो तो झेंडू यातलाच. हे फूल घेताना पूर्ण उमललेलं, टपोरं, रंगानं भरलेलं बघून घ्यायचं असतं, कारण त्याचं काम आजचं असतं आणि उद्या ते निर्माल्यात जाणार असतं. पिढ्यान्‌पिढ्या आपली नजर याच फुलावर तयार झाली आहे. कंपनीच्या स्वागतकक्षात किंवा वाकड-मोशीच्या सोसायट्यांमधल्या दिवाणखान्यात आठवडाभर ठेवायचं दांड्याचं फूल मात्र त्याच नजरेनं निवडलं, की पैसे वाया जातात. त्याची पारख चेहऱ्यावर होत नाही. ते किती उमललंय, दांडा कसा आहे आणि झाडावरून निघाल्यापासून त्याला पाणी व गारवा मिळाला का, हे आधी बघावं लागतं.

कापलेलं फूल मेलेलं नसतं. ते श्वसन करत राहतं आणि त्यासाठी दांड्यात, पानांत साठवलेली साखर खर्च करतं. तापमान दहा अंशांनी वाढलं, तर हा खर्च साधारण दुपटीनं-तिपटीनं वाढतो. एप्रिलमधल्या पिंपरीच्या दुपारी रस्त्याकडेच्या बादलीत उभं राहिलेलं फूल आणि शीतगृहातून नुकतं बाहेर काढलेलं फूल दिसायला सारखं असलं, तरी त्यांचं उरलेलं आयुष्य सारखं नसतं. दुसरी अडचण पाण्याची. दांड्यातल्या बारीक नळ्यांत हवा शिरली किंवा जिवाणू साचले, की बादलीभर पाण्यात उभं असूनही फूल तहानलेलं राहतं. गुलाबाची मान मोडून तो खाली बघायला लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून गुलाब घेताना पाकळ्यांखालचा भाग दोन बोटांत हलकेच दाबून बघावा. तो घट्ट लागायला हवा. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या आहेत आणि खालची हिरवी दलं मागे वळली आहेत, अशी कळी सर्वांत चांगली. बाहेरच्या पाकळ्यांवर थोडा डाग असला तरी चालतो. उलट अगदी चकचकीत गुलाब दिसला, तर विक्रेत्यानं जुन्या पाकळ्या सोलून टाकल्या असण्याची शंका घ्यायला हरकत नाही.

जर्बेऱ्याला मात्र हा कळीचा नियम लावला, तर फसगत होते. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो बारीक फुलांचं डोकं असतं, आणि मधल्या चकतीतली ही फुलं बाहेरून आत अशी वर्तुळावर्तुळानं उमलतात. बाहेरची दोन वर्तुळं उमलून त्यांवर पराग दिसू लागला, की जर्बेरा काढणीला आला. त्याआधी काढला तर दांडा कोवळा असतो आणि डोक्याचा भार त्याला पेलत नाही. जाणकार तो कापत नाहीत, झाडाच्या बुडाशी पिळून ओढून काढतात आणि मग खालचा कठीण भाग छाटतात, कारण त्या भागातून पाणी नीट चढत नाही. दुकानात डोक्याला प्लास्टिकची पिशवी आणि दांड्याला आधाराची नळी असते. ती उतरवून बघायला सांगावं. आधार काढल्यावर मान वाकत असेल, तर रंग कितीही आवडला तरी तो जर्बेरा सोडून द्यावा.

हा सगळा माल पिंपरी-चिंचवडला दूर नाही. पवन मावळातल्या येळसे परिसरापासून तळेगावपर्यंत पॉलिहाऊसची पांढरी छपरं दिसतात. तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, आणि तिथल्याच राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहातल्या शेतीचं प्रशिक्षण मिळतं. 14 फेब्रुवारीसाठी डिसेंबरातच गुलाबाच्या फांद्या वाकवून नवे फुटवे घेतले जातात, जानेवारीच्या अखेरीस ‘टॉप सिक्रेट’सारख्या लाल जातींची काढणी सुरू होते, आणि परदेशी जाणारा माल अधिक मिटलेल्या कळीत, लांब दांड्यावर, थंडाव्यातच पुढे जातो. मावळातला शेतकरी काढणीनंतरच्या तासांची किंमत जाणतो, ती परदेशी खरेदीदारानं ठरवून दिल्यामुळे. आपल्या शहरातलं गिऱ्हाईक ते विचारत नाही, म्हणून स्थानिक दुकानात तेच फूल उन्हात उभं राहतं. चूक एकट्या विक्रेत्याची नाही.

यावर आक्षेप असा, की मग टिकाऊपणासाठी मोठ्या लग्नांच्या सजावटीत दिसणारं प्रोटियासारखं आयात फूलच का घेऊ नये? प्रोटिया टिकतं, हे खरं. दक्षिण आफ्रिकेचं हे राष्ट्रीय फूल जाड, चामड्यासारखं असतं. आपल्याला पाकळ्या वाटतात ती त्याची रंगीत आवरणपत्रं असतात, खरी फुलं त्यांच्या आत गर्दी करून बसलेली असतात. पण त्याचंही मर्म दांड्यावरच आहे. फुलाचं डोकं मधासाठी पानांतली साखर ओढून घेतं. अंधाऱ्या खोक्यात पानं नवी साखर बनवू शकत नाहीत, आणि काही जातींची पानं मोजक्या दिवसांतच काळी पडतात. डोकं ताजंतवानं आणि पानं जळल्यासारखी, असं प्रोटिया म्हणजे लांबच्या प्रवासाची पावतीच. घ्यायचंच असेल, तर पानं हिरवी आहेत का ते बघावं, खालची पानं काढून टाकावीत आणि भरपूर उजेडात ठेवावं. पाणी ते खूप पितं, म्हणून रोज बघावं लागतं. ते आपल्याकडे पिकवावं म्हटलं, तर त्याला निचऱ्याची, आम्लधर्मी आणि कमी स्फुरदाची जमीन लागते. मावळातला पावसाळा आणि आपला खतांचा हात दोन्ही त्याला मानवणारे नाहीत. त्याच कुळातला सिल्व्हर ओक मात्र आपल्याकडे केव्हाच रुळला आहे.

फूल घरी आल्यावरच्या उपायांची ख्याती मोठी आणि उपयोग लहान असतो. अ‍ॅस्पिरिनचा भरवसा धरता येत नाही. पाण्यात नाणं टाकण्याची कल्पना तांब्याच्या भरवशावर आहे, आणि आजचं रुपयाचं नाणं पोलादाचं. नुसती साखर तर फुलाआधी जिवाणूंनाच पोसते; घालायचीच तर लिटरभर पाण्याला चमचाभर साखर आणि थोडा लिंबाचा रस, आणि पाणी मात्र बदलतच राहायचं. खरा फरक पडतो तो घासून धुतलेल्या भांड्यानं, पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर छाटलेल्या दांड्यानं आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाकल्यानं. मान टाकलेला गुलाब असा छाटून कागदात सरळ गुंडाळला आणि तासभर खोल पाण्यात उभा केला, तर पुष्कळदा सावरतो.

पण 2019 पासून एक दिवसाआड नळ येणाऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये फुलदाणीचं पाणी रोज कुठून बदलायचं, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं अर्धं उत्तर जर्बेराच देतो. त्याच्या केसाळ, मऊ दांड्याला खोल पाण्यात सड लवकर लागते, त्यामुळे त्याला दोन-तीन इंच पाणीच बरं. दर दुसऱ्या दिवशी तेवढं बदललं तरी भागतं आणि जुनं पाणी कुंड्यांना जातं. गुलाबाला जास्त पाणी लागतं, तेव्हा टंचाईच्या दिवसांत गुलाबाची गड्डी घेण्याऐवजी जर्बेऱ्याच्या पाच काड्या घेणं शहाणपणाचं.

मांडणीतही हाच हिशेब आहे. जर्बेऱ्याचा दांडा उघडा आणि डोकं जड, म्हणून त्याला अरुंद तोंडाचं उंच भांडं हवं. प्रोटियाला जड बुडाचं बसकं भांडं आणि एकच फूलही पुरतं. पसरट भांड्यात वीस गुलाब कोंबले, की आतल्या पाकळ्या एकमेकींना घासून काळवंडतात. जागा निवडताना फ्रिजचा माथा टाळावा, तो गरम असतो. पंख्याखालची आणि एसीच्या झोतातली जागाही टाळावी. केळी-आंब्याच्या टोपलीशेजारी कार्नेशन ठेवू नये, कारण पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू त्याला म्हातारं करतो. हाच वायू वाहनांच्या धुरातही असतो, त्यामुळे चाकणच्या चौकातल्या कोंडीत, धुराच्या तोंडाशी मांडलेलं कार्नेशन स्वस्त मिळालं तरी महागात पडतं. इतकी उठाठेव करण्यापेक्षा प्लास्टिकची फुलं बरी, असं म्हणणाऱ्यांचा हिशेब एका वर्षापुरता बरोबर असतो. पण ती धूळ धरतात, रंग सोडतात, आणि मग ना कुंडीत जिरतात ना निर्माल्यात. शिवाय ज्यांच्या पॉलिहाऊसच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, ते उत्पादक अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. त्यांचा माल विकणाऱ्याला दुकानात एवढंच विचारावं: गड्डी कधी आली, आणि रात्री कुठे ठेवली होती?