स्फटिकांची चमक आणि उष्णतामान

कामगारांत वावरणाऱ्या माणसाने स्फटिकांच्या उजेडावर का बोलावे, अशी शंका काहींच्या मनात येईल. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात टाकून दिलेले एक वैद्यकीय यंत्र भंगारवाल्यांच्या हाती पडले. त्याच्या पोटात सीझियम-१३७ होते. चार माणसे दगावली. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० भंगारात आले आणि एक मजूर प्राणास मुकला. या किरणांना रंग नाही, वास नाही. त्यांचा माग काढणाऱ्या पुष्कळ उपकरणांत एक स्फटिक बसवलेला असतो, आणि म्हणून तो आमच्या कामाचा विषय आहे.

गॅमा किरण स्फटिकात शिरला म्हणजे तेथील इलेक्ट्रॉनांना वरच्या पायरीवर चढवतो. खाली उतरताना ते अंगावरची जादा शक्ती उजेडाच्या रूपाने टाकतात. या क्षणिक चमकेला सिंटिलेशन म्हणतात. थॅलियमचा अंश घातलेले सोडियम आयोडाइड या कामी उत्तम, हे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ साली दाखवून दिले. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीमागे हा स्फटिक सुमारे ३८,००० प्रकाशकण देतो. चमक मोठी तर किरणाची शक्ती मोठी, आणि शक्तीवरून पदार्थाची ओळख. सीझियमच्या किरणाची शक्ती ६६२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तोच त्याचा बिल्ला.

आता उष्णतेकडे वळू. वर चढलेल्या इलेक्ट्रॉनाला उतरायला दोन वाटा असतात. एक उजेडाची, दुसरीत तो आपली शक्ती स्फटिकाच्या अणूंच्या थरथरीला देऊन टाकतो आणि तिची नुसती ऊब होते. दुसऱ्या वाटेवर एक उंबरठा आहे. अणूंची थरथर जितकी जोरात, तितका तो ओलांडणे सोपे. पगार घेऊन निघालेल्या कामगाराला घरी पोचण्याआधीच सावकाराने गाठावे, तसा हा प्रकार आहे. उन्हाळ्यात सावकार वाढतात, एवढेच.

जिनीव्हाजवळच्या सीएमएस प्रयोगात शिशाच्या टंगस्टेटचे सुमारे ७६,००० स्फटिक बसवले आहेत. या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही हात आहे. या स्फटिकांचा उजेड एका अंशामागे सुमारे २ टक्के घटतो. म्हणून ते १८ अंशांवर ठेवतात आणि अंशाच्या विसाव्या भागाइतकाही फरक पडू नये म्हणून जपतात. ॲलिस प्रयोगात याच जातीचे स्फटिक उणे २५ अंशांवर ठेवले, तेव्हा उजेड सुमारे तिपटीने वाढला.

मग गारवा सर्वांनाच मानवतो काय? मुळीच नाही. थॅलियमवाल्या स्फटिकात शक्तीला चालत थॅलियमपर्यंत जावे लागते. फार थंडीत ती वाटेतच अडकून बसते आणि उजेड कमी होतो. उलट, थॅलियम नसलेले शुद्ध सोडियम आयोडाइड आपल्या खोलीत निस्तेज असते आणि द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांत झळाळून उठते. त्याला कोठे चालत जायचे नसते! प्रत्येक स्फटिकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, तो असा.

बिस्मथ जर्मनेट या स्फटिकाची घट अंशाला सुमारे ०.९ टक्के आहे. सकाळी गार खोलीत जुळवलेले उपकरण दुपारी भंगाराच्या आवारात नेले आणि स्फटिक १० अंशांनी तापला, तर ६६२ चा किरण सुमारे ६०२ चा दिसेल. आणि दगडविटांत निसर्गतःच सापडणाऱ्या बिस्मथ-२१४ चा किरण आहे ६०९ चा. या स्फटिकाला एवढा बारीक भेद कळत नाही. धोक्याची घंटा वाजेल, पण नाव चुकीचे लागेल. मुकादम म्हणेल, मातीचेच आहे, उचला माल. उपकरणातील इतर भागही तापून चळतात, ते निराळेच.

यावर उपाय आहेत. चांगल्या उपकरणात आत उष्णतामापक असतो आणि तो आकडा सुधारून देतो. काही ठिकाणी विटा-दगडांतल्याच पोटॅशियम-४० चा १४६१ चा किरण खूण म्हणून धरतात. ती खूण सरकली की सगळी पट्टी त्याच प्रमाणात सरकवायची. उपकरण विकणारे याविषयी आपणहून फारसे बोलत नाहीत, तेव्हा कोणत्या उष्णतामानाला ते जुळवले, हे खरेदीच्या वेळीच लेखी मागावे. आवारात नेल्यावर स्फटिक तेथील हवेला सरावेपर्यंत थांबावे आणि मग जुळणी तपासावी. सोडियम आयोडाइडच्या बाबतीत तर गार खोलीतून एकदम उन्हात नेणेच टाळावे. अशा धक्क्याने तो स्फटिक तडकतो.