स्तनाच्या कर्करोगानंतरची स्नायूदुखी आणि मालिश

शिक्षक-पालक मित्रांनो, शाळेतल्या एखाद्या बाई उपचार पूर्ण करून पुन्हा रुजू होतात. आपल्याला वाटतं, आजार संपला. पण फळ्यावर वरच्या बाजूला लिहायला हात उचलला की त्यांचा खांदा, छाती, पाठ दुखते. असं का होतं?

शस्त्रक्रियेचा व्रण आणि रेडिएशन यांमुळे छातीचे स्नायू व त्वचा आखडतात. दुखतं म्हणून हात कमी हलवला जातो आणि खांदा आणखीच जखडतो.

हलक्या हाताच्या मालिशने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं काही काळ कमी होऊ शकतं. मात्र ही घरी तेल लावून रगडायची मालिश नव्हे!

हे लक्षात ठेवा :

१) जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. मालिश प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून घ्या.
२) काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील, तर त्या हाताला सूज येऊ शकते. तिथे जोराचा दाब नको.
३) रेडिएशनने लाल झालेल्या, सोललेल्या त्वचेवर मालिश नको.
४) हात सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर मालिश थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

मालिशसोबत व्यायामही हवाच. भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर नेणं, हा त्यातलाच एक. आणि घरी आई 'हात दुखतो' म्हणाली, तर ते कौतुक करून घेणं नाही, हे मुलांनाही समजावून सांगा.