चढणीवरची धाप आणि विंचवाचा दंश

शालेय पुस्तकांत शरीराच्या संस्था निरनिराळ्या प्रकरणांत वाटून दिलेल्या असतात. श्वसनाचे प्रकरण संपले की रुधिराभिसरणाचे, ते आटोपले की उत्सर्जनाचे, आणि परीक्षेपुरते पाठांतर झाले म्हणजे या सर्व संस्था आपापल्या हद्दीत स्वतंत्र कारभार पाहतात, अशी विद्यार्थ्याची समजूत होऊन बसते, ती पुढे जन्मभर टिकते. ही समजूत मोडावयाची असेल, तर राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील एखादा गड चढावा.

रविवारी सकाळी गुंजवण्याहून राजगडाच्या चोरदिंडीकडे निघालेल्या मंडळींचे निरीक्षण करण्याजोगे असते. शहरातून आलेली तरुण मंडळी आरंभी उड्या मारीत पुढे जातात आणि पाव तासाने वाटेवरच्या दगडावर बसून भात्यासारखा श्वास टाकू लागतात. तेवढ्यात डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ताकाचे भांडे आणि हातात पेल्यांची पिशवी अशा थाटात खालच्या वाडीतली एखादी मावशी एकसारख्या पावलांनी येते, “दमानं या, दादा,” एवढे म्हणते आणि न थांबता वर निघून जाते. रोजच्या चढण्याने तिच्या हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त पुढे लोटण्याची सवय झालेली असते, म्हणून त्याच कामासाठी त्याला कमी ठोके पुरतात. शिवाय तिची चाल तिच्या दमापेक्षा कधीच पुढे धावत नाही. शहरातले लोक नेमके येथेच फसतात.

चढणीचा पहिला बोजा पडतो तो मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंवर. ते प्राणवायू झपाट्याने खर्च करतात आणि कर्बवायू रक्तात सोडतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला या कर्बवायूची वर्दी तत्काळ पोहोचते. श्वासाची गती प्रामुख्याने तोच ठरवितो, प्राणवायूची टंचाई नव्हे. बसल्या जागी मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेणारी छाती, श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू यांच्या बळावर, याच्या दसपट हवा खेचू लागते. फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो आणि कर्बवायू बाहेर पडतो. विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त खेळविणारे हृदय आता २० लिटरांपर्यंत मजल मारते. आणि एरवी ज्या स्नायूंच्या वाट्याला रक्ताचा पाचवा हिस्सा येतो, त्यांच्याकडे त्याचा बहुतेक सर्व ओघ वळविला जातो. ही तजवीज अर्थातच कोणाच्या तरी वाट्यातून होते. आतडी आणि मूत्रपिंडे यांचा पुरवठा तेवढ्यापुरता आखडता घेतला जातो. म्हणून चेलाडी फाट्यावर भरपेट मिसळ खाऊन जे तडक चढू लागतात, त्यांच्या पोटात ती दुपारपर्यंत तशीच बसून राहते.

“वर हवा विरळ, म्हणून धाप लागते,” असे गडावर हमखास ऐकू येते. त्यात तथ्य नाही. तोरण्याची उंची १४०३ मीटर, राजगडाची त्याहून थोडी कमी. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पंच्याऐंशी टक्के असतो, आणि निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूत त्याने म्हणण्यासारखा फरक पडत नाही. धाप लागते ती चढणीने. ताकाची मात्र खरीच गरज असते. उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जाते. घाम वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो, हीच देह थंड राखण्याची मुख्य व्यवस्था. रक्तातील पाणी कमी होताच पियुषिका ग्रंथी मूत्रपिंडांकडे संप्रेरक धाडते, आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर सोडणारी ती मूत्रपिंडे त्याहूनही काटकसर करू लागतात. उतरताना मांड्या थरथरतात, कारण तेव्हा स्नायूंना ताणले जात असतानाच देहाचा भार तोलून धरावा लागतो. गुडघ्यांची तक्रार तेथूनच सुरू होते.

या सर्व घडामोडींत चढणाऱ्याच्या इच्छेला कोणी विचारीत नाही. वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाला, पाणी ठरावीक पातळीला चढले की आपण होऊन उघडणारे दरवाजे आहेत; आपल्या स्वायत्त मज्जासंस्थेचा कारभार असाच, वरून हुकूम न येता चालणारा. तिची अनुकंपी शाखा, अधिवृक्क ग्रंथींच्या साह्याने, हृदय वेगाने चालविते, रक्तवाहिन्या आवळते, घाम सोडते आणि गरज सरली की आवरते घेते.

ती आवरली नाही तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर लाल विंचवाकडे वळावे लागते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांत कौलांखाली, दगडांच्या गडग्यांत, सरपणाच्या ढिगात त्याची वस्ती असते. त्याचे विष मज्जातंतूंवरची सोडियमची द्वारे उघडीच ठेवते. मग अनुकंपी शाखेचे हुकूम अखंड सुटत राहतात, दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो, त्या भाराखाली हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरून रोगी गुदमरतो. दंश पायाच्या अंगठ्याला, मरण फुप्फुसांत! भोरहून वरंधा घाट उतरले की महाड लागते. त्या तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रोगी रात्र रात्र उशाशी बसून तपासले, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी येथे उपयोगी पडते, हे १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकातून जगापुढे मांडले. पूर्वी गंभीर दंशाचे शेकडा चाळीसच्या आसपास रोगी दगावत. या उपचाराने ते प्रमाण एकाच्या घरात आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते ती फार उशिरा मिळाली.

तेव्हा डोंगरवाड्यांतील वाचकांना विनंती एवढीच की, विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली किंवा हातपाय गार पडले, तर मंत्र, पाला आणि चिरा यांत घटकाही न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा भोर-वेल्ह्याचे सरकारी रुग्णालय गाठावे. लहान मुलाला चावला असेल, तर लक्षणे दिसण्याचीही वाट पाहू नये.