चक्रव्यूहातून सुटका : कोलन, क्यू, एन्टर!

रात्रीचे पावणेबारा. कामोठ्यातला आमचा वन बीएचके. हॉलमध्ये माझी रूममेट लॅपटॉपसमोर घामाघूम! नोकरीचा तिसरा आठवडा आणि पहिलीच नाइट शिफ्ट, तीही घरून. सर्व्हरवरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये फक्त एक ओळ बघायची होती. फाइल 'व्हिम' नावाच्या एडिटरमध्ये उघडली... आणि बंदच होईना.

'अगं, यात क्रॉसचं बटणच नाहीये!'

एस्केप दाबून झालं. मग वैतागून तिने सरळ 'एक्झिट' टाइप केलं. बाहेर पडणं राहिलं बाजूला, फाइलमधलं एक अक्षर गायब आणि तिथे इंग्रजी 'टी' हजर! लाइव्ह सर्व्हर, त्यात बिघडलेली फाइल. तिचे हातपाय गार. टीम लीडला फोन करायचा तर 'एवढंही येत नाही?' ही भीती. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही... अभिमन्यूच की!

शेवटी केला फोन. तो हसलाच. 'मी तर पहिल्यांदा अख्खा पीसी बंद केला होता. आता मी सांगतो तसं कर. एस्केप. कोलन. क्यू. उद्गारचिन्ह. एन्टर.' सुटका! फाइल पुन्हा उघडली, तर जशीच्या तशी. कारण 'सेव्ह कर' असं सांगेपर्यंत व्हिम मूळ फाइलला हातच लावत नाही.

मग भानगड काय होती? व्हिममध्ये कीबोर्ड दोन कामं करतो. एका मोडमध्ये अक्षरं उमटतात, दुसऱ्यात प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. 'एक्झिट'मधल्या 'ई'ने कर्सर शब्दाच्या टोकाला नेला, 'एक्स'ने एक अक्षर खाल्लं, 'आय'ने लिहायचा मोड सुरू केला आणि 'टी' छापला गेला. बिचाऱ्या व्हिमने सांगितलं ते केलं!

हा फंडा जुना आहे. बिल जॉयने 'व्हीआय' हा एडिटर १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कलेला लिहिला. त्याच्या टर्मिनलला माउस नव्हता आणि मोडेम इतका संथ, की एका अक्षरात काम उरकणं हीच चैन. ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ मध्ये त्याचा सुधारित अवतार आणला, तोच व्हिम. २०२३ मध्ये वारलेल्या मूलेनारने सॉफ्टवेअर फुकट दिलं. उघडल्यावर दिसणाऱ्या स्क्रीनवर फक्त युगांडातल्या गरीब मुलांना मदत करायचं आवाहन टाकलं होतं.

आणि अडकणाऱ्या आपण एकट्याच नाही बरं का! प्रोग्रामरांच्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' साइटवर 'व्हिममधून बाहेर कसं पडू?' हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता. तेव्हा लाज कसली?

पाठ करून ठेवा

• आधी एस्केप. मग कोलन, क्यू, एन्टर. बदल फेकून द्यायचे असतील तर क्यूनंतर उद्गारचिन्ह. सेव्ह करून निघायचं असेल तर कोलन, डब्ल्यू, क्यू.

• 'नॅनो' एडिटरमध्ये कंट्रोल-एक्स. 'ईमॅक्स'मध्ये कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-सी.

• कंट्रोल-झेडने सुटलो असं वाटतं, पण फाइल मागे उघडीच असते. 'एफजी' टाइप करून परत जा आणि रीतसर बाहेर पडा.

• कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर क्यूच्या जागी औकाराची मात्रा उमटते. आधी इंग्रजीवर या!

• टर्मिनलमध्ये 'व्हिमट्यूटर' टाइप करा. अर्ध्या तासाचा धडा, तोही सरावाच्या फाइलवर. लाइव्ह सर्व्हरवर जायच्या आधी हे नक्की करा.

परवा मानसरोवर स्टेशनवर लोकलची वाट बघत होतो. रूममेटचा फोन वाजला. पलीकडे नवीन जॉइन झालेली ज्युनियर, रडवेली. आमची लोकल आली, गेली. ही मात्र बाकड्यावर बसून शांतपणे सांगत होती, 'घाबरू नकोस गं, काही बिघडलेलं नाही. आधी एस्केप दाब. दाबलंस? आता कोलन...'