पत्र्याला फुटलेला घाम

डिसेंबर लागला की निफाड पेपरात पहिल्या पानावर येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर उतरला, हे सकाळी चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारलं जातं. पाच-सहा अंशांचा आकडा छापून आला, की संध्याकाळी हीटरच्या दुकानात गर्दी. पहिला गैरसमज इथेच आहे: पेपरातला आकडा म्हणजे आपल्या खोलीतली थंडी. तो आकडा उघड्या रानातला आणि तोही पहाटेचा, म्हणजे दिवसातला सगळ्यात खालचा. त्याच पहाटे आमच्या विटांच्या घरातला भिंतीवरचा थर्मामीटर १४-१५ दाखवतो, आणि दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. दिवसरात्र घर तापवत बसावं, अशी ही काश्मीरची थंडी नव्हे. आपल्याला निभवायची ती मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंतची वेळ, आणि त्यातली बहुतेक आपण अंथरुणातच काढतो. घर तापवण्यापेक्षा अंथरूण सांभाळणं कितीतरी स्वस्त.

गैरसमज: गोधडी, रग, स्वेटर ऊब देतात.

देत काहीच नाहीत. आहे ती ऊब सुटू देत नाहीत, एवढंच. लहानपणी भर मे महिन्यात बर्फवाला लादी भुशात घालून पोत्यात गुंडाळून आणायचा. पोतं ‘गरम’ असतं तर गाडीवरून नुसतं पाणीच आलं असतं. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर पडत असते. चार माणसं एका खोलीत झोपली की जवळजवळ ३०० वॅटचा हीटर रात्रभर फुकट चालू. पांघरुणानं ती उष्णता धरून ठेवायची, आणि हे काम कापडापेक्षा कापडात अडकलेली हवाच जास्त करते. म्हणून एका जड रगापेक्षा दोन हलकी पांघरुणं बरी पडतात.

आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर असत, वरून धावदोरा. टाक्यांच्या दोन ओळींमध्ये कापड किंचित फुगलेलं असायचं. अंधारात हात फिरवला की सरी-वरंब्यासारखं लागायचं. ऊब त्या फुगवट्यात. गोधडी दमट झाली, दबून बसली, की तीच गार लागते. म्हणून आजी ती दुपारी दोरीवर टाकून काठीनं झोडपायची आणि उन्हं कलायच्या आत घडी करून घरात घ्यायची. संध्याकाळपर्यंत बाहेर राहिली तर दवानं सगळं केलेलं पाण्यात, आणि आमचा उद्धार ठरलेला.

थंडी खालूनही लागते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंगाच्या भारानं गादीतला कापूस चपटा होतो, हवा निघून जाते आणि फरशी पाठीतली ऊब ओढत राहते. तिसरं पांघरूण विकत घेण्याआधी अंथरुणाखाली एक घोंगडी घालून पाहा. लोकर कुरळी असते, दाबली तरी कापसाइतकी बसत नाही.

गैरसमज: धूर नाही, म्हणजे कोळशाच्या शेगडीला धोका नाही.

इथे चेष्टा नको. लालबुंद निखाऱ्यांना धूर नसतो हे खरं, पण बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. एका लग्नघरी आम्ही सहा भावंडं अशा खोलीत झोपलो होतो. मोठ्या काकू मध्यरात्री उशी शोधायला आल्या आणि त्यांनी दार उघडं टाकलं, म्हणून सकाळी नुसत्या डोकेदुखीवर भागलं. ‘शेगडीशेजारी पाण्याची बादली ठेवायची, वायू पाण्यात उतरतो,’ असं तिथेच एकानं छातीठोक सांगितलं होतं. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादलीनं फक्त खोली दमट झाली. शेगडी अंगणात, शेकोटी अंगणात. स्वयंपाकाच्या गॅसवर खोली तापवणं हाही तसलाच उद्योग. गॅसचा गिझर कोंदट न्हाणीघरात बसवला असेल तर तिथेही हेच घडू शकतं. तो बाहेरच्या भिंतीवर हवा आणि न्हाणीघराची खिडकी उघडी हवी.

गैरसमज: तेलाच्या हीटरला वीज कमी लागते.

दुकानदार सांगतो ते एवढ्यापुरतं खरं, की तेलाचा हीटर बंद केल्यावरही काही वेळ गरम राहतो. पण हीटर कुठल्याही जातीचा असो, एक युनिट विजेची एका युनिटइतकीच उष्णता होते. २००० वॅटचा हीटर पूर्ण जोरावर तासाला २ युनिट खातो. रोज दोन तास लावला तर महिन्याला १२० युनिट, आणि बिल वरच्या टप्प्यात गेलं की पुढच्या युनिटांचा दरही चढतो. आता हे पाहा: दीड लिटर पाणी २० अंशांवरून ७५ पर्यंत तापवायला साधारण ०.१ युनिट लागतं. तेवढं पाणी रबरी पिशवीत भरून झोपण्याआधी पायांशी ठेवलं, वरून टॉवेल गुंडाळला, की अंथरूण मऊसूत. तासाभराच्या हीटरच्या विजेत अशा वीस पिशव्या होतात. पिशवी जुनी असेल, रबराला चिरा दिसत असतील, तर मात्र काटकसर करू नका. भाजणं महागात पडतं.

खरंच आजारी माणूस किंवा तान्हं बाळ घरात असेल तर हीटर जरूर लावा, पण छोट्या खोलीत, दाराखालच्या फटीला फडकं लावून. तीन खोल्यांची दारं उघडी टाकून हॉलमध्ये हीटर लावणं म्हणजे गल्ली तापवणं.

हल्ली मोबाइलवर फिरणारा एक प्रकार आहे: पणत्या पेटवायच्या, वर मातीची कुंडी पालथी घालायची, आणि म्हणे खोली तापते. पणतीत जेवढं तेल जळतं तेवढीच उष्णता. कुंडी त्यात भर घालत नाही. हात शेकून निघतील, खोली नाही. पडदा पेटण्याची सोय तेवढी होते.

गैरसमज: थंडीत खिडक्या दिवसभर बंद ठेवाव्यात.

संध्याकाळपासून जरूर ठेवाव्यात. दिवसा नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. नाशिककडे दुपारी बारालाही तो क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच, जवळजवळ अर्ध्या आभाळात. मेमध्ये डोक्यावरून जाणारं ऊन आता दक्षिणेच्या खिडकीतून थेट पलंगापर्यंत येतं. सकाळी नऊ-दहाला पडदे सारा, गाद्या उन्हाच्या चौकोनात सरकवा, आणि साडेचार-पाचला सगळं बंद करा. जुन्या धाब्याच्या घरांचं गुपित हेच. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती दिवसभर ऊन पीत आणि रात्री हळूहळू ते सोडत. माती ऊब अडवते असं लोक म्हणतात. खरं तर ती ऊब साठवते.

फरशी सतरंजीपेक्षा थंड असते, हाही भासच. एकाच खोलीत दोन्ही सारख्याच थंड; फरशी तळपायाची ऊब भराभर ओढते, सतरंजी ओढत नाही. म्हणून अख्ख्या घराला गालिचा नको, पलंगाशेजारी एक जुनी सतरंजी पुरे.

घोटभर ब्रँडीचं काय? तिनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, तोंड तापतं, आणि आतली ऊब उलट लवकर बाहेर जाते. हौसेनं घ्या, औषध म्हणून नको.

गैरसमज: पत्र्याच्या घरात थंडीवर इलाजच नाही.

निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता सरळ आभाळात सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आत माणसांच्या श्वासातला ओलावा त्याला लागून थेंब धरतात. लहानपणी आमच्या पत्र्याच्या घरात पहाटे पत्र्याला घाम फुटायचा आणि एक थेंब नेमका नाकावर. वडिलांनी एका दिवाळीनंतर खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन, उसवून, एकमेकींना शिवल्या आणि पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तारेवर ताणल्या. चुलीकडची बाजू मोकळी ठेवली, ठिणगीच्या भीतीनं. खर्च सुतळीचा आणि खिळ्यांचा. मधल्या हवेनं काम केलं. पत्रा गार राहिला, गोण्या कोरड्या राहिल्या. अंथरुणात पडल्या पडल्या वरची अक्षरं दिसायची, काही उलटी, काही शिवणीत अर्धी गेलेली. धाकट्या भावाला वाचायला त्या अक्षरांनीच शिकवलं. त्याचा पहिला शब्द ‘युरिया’.